गिरमिटाच्या कागदावरील अंगठा

दौलताबादचा किल्ला पाहावयास येणाऱ्या प्रवाशाला वाटाडे खोल खंदक, अंधारी भुयारी वाट, मेंढा तोफ आणि चांदमिनार दाखवितात. यादवांचे वैभव आणि महंमद तुघलकाचा राजधानी हलविण्याचा हट्ट या कथा ते रंगवून सांगतात. मात्र ज्याने निजामशाहीच्या पडत्या काळात याच परिसरातून मोगलांना वर्षानुवर्षे झुंजविले, त्या मलिक अंबराची आरंभीची कहाणी बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मलेला हा मुलगा बाजारात विकला गेला होता. १६१७ साली त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रोके या डच व्यापाऱ्याने, मोखाच्या बंदरात वीस ड्युकॅटना त्याचा सौदा झाल्याचे लिहून ठेवले आहे. मोखाहून बगदाद आणि तेथून दख्खन असा त्याचा प्रवास झाला. येथे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखानही एके काळचा हबशी गुलामच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, आपल्या पराक्रमाने राज्याचा सूत्रधार बनला, १६१० साली त्याने खडकी वसविली आणि तिला नहरींचे पाणी दिले. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

मलिक अंबराची गोष्ट अपवादाची आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कोकणच्या बंदरांत उतरविलेल्या हजारो हबशांपैकी किती जणांचे नाव आज कोणाला ठाऊक आहे? तथापि आम्हांला या लेखात सांगावयाची आहे ती कथा गुलामांची नव्हे. मलिक अंबरानंतर दोन शतकांनी त्याच समुद्रातून, पण उलट दिशेने, आपली मराठी माणसे जहाजांत बसून परमुलखात गेली. ती विकली गेली नव्हती. त्यांच्यापुढे एक कागद ठेवण्यात आला आणि त्यावर त्यांचा अंगठा उमटवून घेण्यात आला. त्या कागदाला इंग्रजीत ‘अॅग्रीमेंट’ म्हणत. आपल्या गरीब माणसाच्या जिभेवर त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि तो स्वतः गिरमिटिया ठरला.

गुलामगिरीविषयी आपण पुष्कळ ऐकतो. गिरमिटाविषयी त्या मानाने फार थोडे बोलले जाते. याचे कारण आमच्या मते असे की, गुलामाच्या पायातील बेडी डोळ्यांना दिसते, पण कराराची बेडी दिसत नाही. ज्याने स्वतःच अंगठा दिला, त्याने तक्रार कसली करावयाची, असा प्रश्न तेव्हाही विचारला जाई आणि आजही विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दातेरी कागद

ही पद्धत भारतात जन्मली नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहती घातल्या. व्हर्जिनियातील पहिली टिकाऊ वसाहत १६०७ सालची. तंबाखूच्या शेतीला माणसे हवी होती आणि इंग्लंडातील भुकेल्या माणसापाशी जहाजाचे भाडे नव्हते. तेव्हा असा करार निघाला की भाडे मालकाने भरावे आणि त्याच्या बदल्यात नोकराने चार ते सात वर्षे बिनपगारी राबावे. करार एकाच कागदावर दोनदा लिहून तो मधोमध दातेरी कापीत. एक तुकडा मालकाकडे, दुसरा नोकराकडे. दाते जुळले की करार खरा. अशा कराराचे इंग्रजी नाव या दातांवरूनच पडले.

कागदाचे दोन तुकडे सारखे असले तरी ते बाळगणारी माणसे सारखी नव्हती. पळून गेलेल्या नोकराची मुदत वाढविली जाई. मोलकरीण गरोदर राहिली तरी तिची मुदत वाढे. मुदत संपण्याआधीच तापाने आणि श्रमाने असंख्य माणसे मरत. मालक वारला तर उरलेली वर्षे त्याच्या गुराढोरांबरोबर दुसऱ्याकडे जात. क्रॉमवेलच्या काळात, १६५० च्या दशकात, आयर्लंडमधील अनेक कॅथोलिकांना बळजबरीने पकडून बार्बाडोस बेटावरील मळ्यांत अशाच बांधील चाकरीसाठी पाठविण्यात आले. आपल्या श्रद्धाबंधूंच्या इतिहासातील हे पान आपण विसरू नये.

पुढे आफ्रिकेतून आणलेले गुलाम स्वस्त पडू लागले आणि हा दातेरी कागद मागे पडला. दोनशे वर्षांनी गुलामगिरी बंद झाली तेव्हा तो पुन्हा बाहेर काढण्यात आला. या वेळी त्यावर अंगठा उमटविण्यासाठी हिंदुस्थानातील माणूस निवडला गेला.

मुंबईच्या बंदरातून

ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा केला. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर तो १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. बेटावर त्या वेळी सुमारे सहासष्ट हजार गुलाम होते. साम्राज्यातील मालकांना नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले. गुलामांना मात्र काहीही मिळाले नाही. मुक्त झालेल्या माणसांनी ज्या मळ्यांत फटके खाल्ले, तेथे पुन्हा पाऊल टाकण्याचे नाकारले. इकडे साखरेला इंग्लंडात मागणी वाढत होती. ऊस उभा होता आणि तोडणारे हात निघून गेले होते.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरात पोहोचले. त्यातून छत्तीस मजूर उतरले. पाच वर्षांचा करार, दरमहा पाच रुपये पगार, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, धोतर व कांबळे अशा त्यांच्या अटी होत्या. परतीच्या प्रवासासाठी पगारातून महिना एक रुपया कापून ठेवावयाचा होता. या छत्तीस जणांच्या मागून पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. बहुसंख्य बिहार व उत्तर हिंदुस्थानातील भोजपुरी भाषक. त्यानंतर मद्रासकडील तमिळ व तेलुगू. तिसरा, सर्वांत लहान प्रवाह मुंबई बंदरातून गेला आणि त्यात आपली मराठी माणसे होती.

मुंबईहून माणसे जाणे तसे नवे नव्हते. १८१५ पासून मुंबई आणि बंगाल इलाख्यांतील काळ्या पाण्याचे कैदी मॉरिशसला धाडले जात आणि त्यांच्याकडून रस्ते बांधवून घेतले जात. १८३६ साली बेटावर आलेल्या चार्ल्स डार्विनला हे कैदी दिसले होते आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांचे त्याला नवल वाटले होते. आता कैद्यांच्या वाटेने रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर येथील निरपराध कुणबी व मजूर जाऊ लागले.

ही माणसे का गेली? कोकणात खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाच्या घरात पावसाळ्यानंतर चार महिने पुरेल एवढाही दाणा राहत नसे. घाटावर सावकाराचे व्याज होते आणि दुष्काळ होता. अशा घरात मजूर गोळा करणारा मुकादम येई. हातावर आगाऊ रक्कम ठेवी आणि समुद्रापलीकडे एक बेट आहे, तेथे काम हलके आणि पोटभर भात, असे सांगे. आगाऊ रक्कम त्याच दिवशी सावकाराकडे जाई. माणूस मागे फिरावयाचे म्हटले तरी ती परत करणार कोठून? करार वाचून दाखविण्याचा नियम पुढे झाला. परंतु ज्याने कधी समुद्र पाहिला नाही, त्याला पाच वर्षे म्हणजे काय आणि साखरेचा मळा म्हणजे काय, हे एका वाचनात कसे उमगावे?

फसवणुकीच्या इतक्या तक्रारी आल्या की हिंदुस्थान सरकारला १८३९ साली ही मजूर-निर्यात थांबवावी लागली. लॉर्ड जॉन रसेल या ब्रिटिश मंत्र्याने १८४० मध्ये, यातून गुलामगिरीची नवी पद्धत उभी राहील, अशी भीती बोलून दाखविली. मात्र मळेवाल्यांचा रेटा मोठा होता. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून वाट पुन्हा खुली झाली. बंदरावर निर्गमितांचा रक्षक नेमण्यात आला, जहाजावर वैद्य आला, माणशी जागा ठरली. सुधारणा झाल्या हे मान्य करावयास हवे. मूळ गोष्ट मात्र तशीच राहिली.

पाच रुपये आणि एक गैरहजेरी

मुंबईहून मॉरिशसचा प्रवास महिना-दीड महिन्याचा असे. जातपात, सोवळेओवळे, गाव आणि भाऊबंद यांची सारी वस्त्रे त्या प्रवासात गळून पडत. पटकी शिरली तर जहाज बंदरात घेतले जात नसे. १८५६ च्या आरंभी कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील माणसांना गॅब्रिएल नावाच्या ओसाड खडकावर उतरवून ठेवले गेले. पुरेसा निवारा नाही, पुरेसे पाणी नाही. पावणेतीनशेच्या आसपास माणसे तेथेच मेली. मॉरिशसचा किनारा त्यांना समोर दिसत होता.

जे पोहोचत ते पोर्ट लुईच्या धक्क्यावरील सोळा पायऱ्या चढून आगमन-तळावर येत. १८४९ साली उभारलेला हा तळ आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने जतन केलेला असून २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे. येथे माणसाला क्रमांक मिळे. पुढे त्याचे छायाचित्रही काढले जाऊ लागले. नाव लिहिणारा कारकून जसे ऐकू येई तसे फ्रेंच वळणाने लिहून घेई. बापाचे नाव आडनाव ठरे, आणि सात पिढ्यांचे आडनाव कारकुनाच्या टाकाच्या एका फटकाऱ्यात पुसले जाई. त्या नोंदवह्या आणि ती छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत सांभाळून ठेवलेली आहेत. त्यांच्या आधारे आज तेथील कुटुंबे आपल्या पणजोबाचे गाव शोधतात.

मळ्यावरील दिवस पहाटे सुरू होई. खड्डे खणणे, दगड वेचणे, ऊस लावणे, तोडणे, आणि हंगामात रात्री घाण्यावर उभे राहणे. पगार पाच रुपये. १८३४ साली नव्या मजुराला पाच रुपये मिळत आणि त्यानंतर कितीतरी वर्षे, साखरेचे भाव चढोत वा उतरोत, नव्या मजुराचा पगार पाच रुपयांच्या आसपासच राहिला. कराराची मुदत मात्र वाढत गेली. १८४३ च्या सुमारास ती एका वर्षाची होती, १८४९ मध्ये तीन वर्षांची झाली आणि १८६२ पासून पाच वर्षांची. परतीच्या मोफत प्रवासाचा हक्कही १८५० च्या दशकात काढून घेण्यात आला.

त्या साऱ्या जाचांत एक नियम असा होता की त्यात पद्धतीचे सारे मर्म आले आहे. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याचा दोन दिवसांचा पगार कापला जाई. याला दुहेरी कपात म्हणत. मग तो दिवस तापात गेला असो की बायकोच्या बाळंतपणात. महिन्यात काही दिवस आजारात गेले की महिनाअखेर हातात काय पडणार? शिवाय पगार महिनोन्महिने थकविला जाई. काम न करणे हा दिवाणी वाद नव्हता, तो गुन्हा होता आणि त्यासाठी तुरुंग होता. पगार न देणाऱ्या मालकासाठी मात्र तुरुंग नव्हता. करार दोघांचा, पण तो मोडल्याची शिक्षा एकालाच.

स्त्रियांची स्थिती आणखी बिकट होती. आरंभी पुरुषांच्या मानाने स्त्रिया फारच थोड्या नेल्या गेल्या. केवळ धार्मिक विधीने झालेला विवाह तेथील कायदा मानीत नसे, म्हणून पत्नी कायद्याच्या लेखी पत्नी नसे आणि मुले औरस नसत. कुटुंबाविना वसविलेल्या वस्तीत जी नीतिभ्रष्टता माजते तिचे खापर मजुरांच्या डोक्यावर फोडले गेले. वस्ती तशी कोणी वसविली, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

मुदत संपल्यावरही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही छायाचित्राचा परवाना जवळ बाळगावा लागे. तो घरी विसरला, तर भटक्या म्हणून शिपाई त्याला धरीत. त्याच वर्षी बेटावर हिवतापाची साथ आली आणि तिने तीस हजारांहून अधिक बळी घेतले.

तरीही तेथे मनुष्यपण जगले. पश्चिमेकडील कास्कावेल हे गाव मराठी लोकांचे म्हणून ओळखले जाऊ लागले. कोकणातील जाखडीचा नाच तेथे झाकरी झाला. गणेशोत्सव घरोघर पोहोचला आणि आज त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. आपली श्रद्धा वेगळी असली, तरी परक्या भूमीत देवाचे गाणे जपून ठेवणाऱ्यांची व्यथा बाबिलोनच्या नदीकाठी रडलेल्या इस्राएलची लेकरे वाचणाऱ्या आपणांस परकी वाटू नये.

ख्रिस्तसभा कोठे होती?

आपल्या वाचकांच्या मनात हा प्रश्न येणारच, आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मॉरिशसचे मळेवाले बहुतांशी फ्रेंच वंशाचे होते आणि त्यांतील बहुतेक कॅथोलिक होते. रविवारी पुढच्या बाकांवर बसून मिस्साबलीत भाग घेणारे हात सोमवारी दुहेरी कपातीच्या वहीवर सही करीत. गोव्यातही शतकानुशतके पोर्तुगीज घराण्यांत गुलाम होते आणि व्रतस्थांच्या मठांतही होते. परमगुरुस्वामी सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा जाहीर निषेध केला. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये सेनेगलजवळील गोरे बेटावर उभे राहून ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल देवाची क्षमा मागितली. ती क्षमायाचना आपल्या सर्वांच्या वतीने होती.

त्याच बेटावर एक वेगळा याजकही होता. धन्यवादित जाक देझिरे लावाल हे नॉर्मंडीतील डॉक्टर. वैद्यकी सोडून ते याजक झाले आणि १८४१ साली पोर्ट लुईस आले. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांची क्रिओल बोली ते शिकले आणि तिच्यातून त्यांनी धर्मशिक्षण दिले. त्यांच्यातीलच स्त्रीपुरुषांना त्यांनी प्रश्नोत्तरीचे शिक्षक बनविले. गोऱ्या समाजाने प्रथम त्यांची टवाळी केली. १८६४ साली ते निवर्तले आणि १९७९ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. आज सेंट क्रॉय येथील त्यांच्या कबरीवर गुलामांचे वंशज येतात, तसेच गिरमिटियांचे हिंदू आणि मुसलमान वंशजही येतात. लावाल यांचे मुख्य कार्य मुक्त गुलामांमध्ये होते. ज्या माणसाने गरिबांची भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, त्याच्याकडे गरिबांची पुढची पिढी धर्म न विचारता जाते, हा त्यातील धडा आम्हां याजकांना विशेष करून लागू आहे.

मजुरांच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज उठविला तो मात्र एका सामान्य प्रापंचिक माणसाने. आडोल्फ द प्लेव्हित्झ हा मळ्याचा कारभार पाहणारा युरोपीय गृहस्थ होता. मजुरांचे हाल त्याला पाहवेनात. १८७१ साली त्याने नऊ हजार चारशे एक जुन्या मजुरांच्या सह्या व अंगठे असलेला अर्ज तयार केला. मळेवाले खवळले. भर रस्त्यात त्याला मारहाण झाली आणि शेवटी त्याला बेट सोडावे लागले. परंतु त्या अर्जामुळे १८७२ मध्ये राजनियुक्त आयोग आला. त्याचा अहवाल १८७५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर कायदा बदलला. इतके दिवस मालकाच्या कागदावर उमटलेले अंगठे प्रथमच मजुरांच्या स्वतःच्या कागदावर उमटले होते.

गोखल्यांचा ठराव

मुंबईहून मॉरिशसला जाणाऱ्यांचा ओघ १८६० नंतर ओसरत गेला. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, रेल्वेचे रूळ पडू लागले आणि कोकणचा माणूस पोटासाठी परळ-लालबागला जाऊ लागला. परंतु नाताळ, फिजी, त्रिनिदाद, गयाना अशा वसाहतींना अन्य प्रांतांतून गिरमिटिये जातच राहिले.

ही पद्धत मुळापासून उखडून टाकण्याची मागणी सरकारदरबारी ठामपणे मांडणारा माणूस, ज्या रत्नागिरी जिल्ह्याने गिरमिटिये पाठविले, त्याच जिल्ह्यातील होता. कोतळूकला जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली नाताळला मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी संपूर्ण गिरमिट पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला. सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळला गेला. १९१५ साली गोखले निवर्तले. त्याच वर्षी सी. एफ. अँड्र्यूज हे अँग्लिकन धर्मगुरू आपले सहकारी पीअरसन यांच्यासह फिजीला गेले आणि तेथील मजुरांची दुर्दशा त्यांनी जगापुढे मांडली. दीनबंधू ही त्यांची पदवी अशा श्रमांतून सार्थ झाली. १९१७ साली सरकारने गिरमिटावर मजूर पाठविणे थांबविले आणि १९२० च्या पहिल्या दिवशी फिजीतील शेवटचे गिरमिटिये मुक्त झाले.

करार केव्हा न्याय्य ठरतो?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. ज्याने स्वतः अंगठा दिला, त्याने तक्रार कसली करावयाची?

पवित्र शास्त्रात एका गिरमिटियाची हकिगत आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब मामा लाबानाच्या घरी सात वर्षे राबला, शब्द फिरविला गेल्यावर आणखी सात वर्षे राबला आणि एकूण वीस वर्षांत लाबानाने दहा वेळा त्याचे वेतन बदलले. देवाने लाबानाची बाजू घेतली नाही. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात देवाने आपल्या लोकांना सांगितले की कर्जापायी चाकर झालेल्या भावाला सातव्या वर्षी मोकळे करावे, आणि तेही रिकाम्या हाताने नव्हे. मेंढरांतून, खळ्यातून आणि द्राक्षकुंडातून त्याला भरभरून द्यावे. १८३५ मध्ये मालकांना दोन कोटी पौंड आणि गुलामांना शून्य देणाऱ्या ख्रिस्ती राष्ट्राच्या घराघरांत हे वचन वाचले जात होते.

परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात या प्रश्नाला थेट उत्तर दिले आहे. मालक आणि मजूर यांनी आपखुशीने करार करावा, हे ठीक आहे. मात्र कराराच्याही वर, कराराहून प्राचीन असा एक न्याय आहे. वेतन इतके असावे की काटकसरी कामगाराचा त्यावर चरितार्थ चालावा. गरजेपोटी किंवा याहून वाईट संकटाच्या भीतीपोटी मजुराने कमी वेतन पत्करले, तर तो बळजबरीचा व अन्यायाचा बळी होय, असा त्यांच्या शिकवणुकीचा आशय आहे. भारताच्या संविधानातील कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना, भुकेने आणि दारिद्र्याने लादलेली सक्ती हीदेखील सक्तीच होय, असा निर्वाळा दिला. विश्वपत्र आणि न्यायालय वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचले.

आपल्या अंगणातील ऊस

हे सारे समुद्रापारचे आणि गतकाळचे म्हणून मिटून ठेवता आले असते. परंतु आमच्या परिसरातील जुन्या माणसांना सालगडी ठाऊक आहे. गुढीपाडव्याला साल धरावयाचे, उचल घ्यावयाची आणि वर्ष संपता संपता उचल फिटलेली नसली की त्याच वाड्यावर दुसरे साल धरावयाचे. आपल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांचे आजोबा-पणजोबा असेच राबले.

आणि आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील गावे ओस पडतात. बीड, जालना, अहिल्यानगर आणि आमच्या जिल्ह्यातूनही नवराबायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसते आणि पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात सहा महिने उसाच्या फडात राहते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती टनाच्या दराने फेडावयाची असते. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, डोक्यावर मोळी. एक दिवस खाडा झाला की दंड, आजारपणाचा असला तरी! दुहेरी कपात हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही, पण अनुभव त्यांच्या अंगवळणी पडला आहे. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ब्याऐंशी हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्यामागील एक कारण सांगितले गेले.

ऊसतोड कामगार म्हणजे गिरमिटिया असे आम्ही म्हणत नाही. तो हंगाम संपल्यावर आपल्या गावी परततो, मत देतो, त्याच्या संघटना आहेत आणि संप करून त्यांनी दर वाढवून घेतले आहेत. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा त्याच्या पाठीशी आहे. हा फरक लहान नाही; तो गोखले, अँड्र्यूज, द प्लेव्हित्झ आणि सह्या-अंगठे देणाऱ्या त्या नऊ हजार मजुरांच्या धैर्याने घडलेला आहे. परंतु आगाऊ रक्कम, खाड्याचा दंड, मुकादमाची वही, शाळेबाहेर पडलेली लेकरे आणि गोडी दुसऱ्याच्या चहात, या गोष्टींत फारसा फरक नाही.

म्हणून आमची धर्मग्रामातील कुटुंबांना काही साधी विनंती आहे. जी कुटुंबे फडावर जातात त्यांनी उचलीचा आकडा आणि फेडीचा हिशेब आपल्या शिकलेल्या मुलाकडून स्वतःच्या वहीत लिहून घ्यावा. दुसऱ्याच्या वहीवर विसंबू नये. मुले शक्य तो हंगामी वसतिगृहात किंवा नातलगांकडे ठेवून त्यांची शाळा मोडू देऊ नये. आपल्यांपैकी जे आज मुकादम, बागायतदार किंवा नोकरदार झाले आहेत, ज्यांच्या घरी दुसऱ्याची मुलगी भांडी घासावयास येते, त्यांनी तिच्या आजारपणाच्या दिवसाचे पैसे कापताना हात क्षणभर थांबवावा. संत याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती हाक सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचते, असे सांगितले आहे. ती हाक पोहोचण्यासाठी संघटना लागत नाही आणि सहीही लागत नाही.

आपण पवित्र शास्त्राच्या दोन भागांना जुना करार व नवा करार म्हणतो. करार हाच शब्द आपल्या मराठीत देवासाठी आहे आणि मळेवाल्यासाठीही आहे. मळेवाल्याच्या करारात दुबळ्याने अंगठा द्यावयाचा आणि बळवंताने मोजून घ्यावयाचे असते. देवाच्या करारात बळवंताने स्वतःचे रक्त दिले. ज्या भाषेत एकाच शब्दाला हे दोन अर्थ आहेत, ती बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाने कोणाशीही करार करताना यांपैकी कोणता अर्थ मनात धरावा, हे सांगण्याची गरज नाही.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंताची आणि २ नोव्हेंबरला गिरमिटियांच्या आगमनाची सुटी असते. २ नोव्हेंबर हा आपल्या ख्रिस्तसभेत सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी दफनभूमीत आपण आपल्या आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावतो. एक मेणबत्ती ज्यांची कबर समुद्रात किंवा उसाच्या मळ्यात आहे आणि ज्यांचे नावही कारकुनाने चुकीचे लिहिले, त्यांच्यासाठी लावावी. देवाच्या नोंदवहीत त्यांची नावे बरोबर लिहिलेली आहेत.